पाळण्यातून अंथरुणावर



मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याला पाळण्यात घालण्याचा आपल्याकडे केवढा थाट असतो! पाळण्याला झालर लागते, वर चिमणाळे टांगले जाते, घुगऱ्या शिजतात, आत्याबाई कानात नाव सांगतात आणि त्याबद्दल पाठीवर बुक्के खातात. पुढे उष्टावणाला विधी आहे, जावळाला विधी आहे. पण तेच मूल पाळण्यातून कायमचे बाहेर निघते त्या दिवसासाठी मात्र आपल्या पूर्वजांनी एकही विधी सांगून ठेवलेला नाही. एके दिवशी कड्या निघतात, पाळणा माळ्यावर चढतो, आणि मूल आज निजणार कोठे हा प्रश्न रात्री साडेनऊ वाजता, मूल पेंगत असताना, घरातील चार माणसे चार दिशांनी सोडवू लागतात.

एवढ्याशा गोष्टीवर व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. ज्यांच्या घरी दोन वर्षांचे मूल आहे त्यांच्या मनात ते येणार नाही. रात्री अकराला निजवलेले मूल साडेअकराला दारात उभे असते, बाराला पुन्हा उभे असते, आणि पहाटे तीनला 'धप्' असा आवाज होऊन सारे घर उठते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना हा विषय क्षुल्लक वाटत नाही. शिवाय येथे केवळ झोपेचा प्रश्न नसून मुलाच्या जिवाचाही प्रश्न आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

मुख्य मुद्दा आधी सांगतो. पाळण्याची कड किंवा खाटेचा कठडा मुलासाठी दोन कामे करतो. एक, तो मुलाला पडू देत नाही; दुसरे, तो मुलाला जाऊ देत नाही. पहिले काम शरीराचे राखण करण्याचे आहे, दुसरे मनाचे. आता निसर्गाची गंमत अशी की मूल शरीराने कठडा आधी ओलांडते आणि मनाने फार नंतर. दीड-दोन वर्षांचे धडधाकट मूल कठड्यावर पाय टाकू शकते. पण 'येथेच निजून राहायचे, उठून जायचे नाही' हे सांगणे लक्षात ठेवून, भिंत नसताना पाळण्याची ताकद साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास येऊ लागते. या दोन घटनांच्या मध्ये काही महिन्यांची एक फट राहते. पाळण्यातून अंथरुणावर जाण्याच्या बहुतेक अडचणी या फटीतून निघतात, आणि शहाणपण आहे ते फट शक्य तेवढी अरुंद करण्यात.

आता आपल्याकडची साधने पाहू. झोळी, पाळणा आणि अलीकडे शहरांतून सर्रास दिसणारी, चारी बाजूंनी गजांचा कठडा असलेली लहान खाट, अशी ही तीन साधने. तिघांचे गुण वेगळे, म्हणून निरोपाची वेळही वेगळी.

झोळी आणि पाळणा हलतात. हे हलणे म्हणजे आयांची निव्वळ समजूत नव्हे. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक इंद्रिय आहे. मंद, एकसारख्या झोक्याने ते चाळवते व त्याचा परिणाम मेंदूच्या झोपेच्या लयीवर होतो. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०१९ साली प्रौढ माणसांना हलत्या पलंगावर निजवून पाहिले, तर ती माणसे स्थिर पलंगापेक्षा लवकर व गाढ झोपली. म्हणजे आपल्या आज्या दोरी ओढत होत्या त्यात तथ्य होते. परंतु याच गुणात पुढच्या अडचणीचे बीज आहे. मूल रात्रभर सलग झोपत नाही; तुम्ही-आम्हीही झोपत नाही. झोपेची आवर्तने असतात. लहान मुलाचे एक आवर्तन सुमारे तासाभराचे, मोठ्या माणसाचे दीड तासाचे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी क्षणभर जाग येते. आपण कूस बदलून पुन्हा झोपतो व सकाळी आपल्याला ते आठवतही नाही. मूल मात्र जाग आल्यावर पाहते की, मी झोपलो तेव्हा पाळणा हलत होता, आता हलत नाही. गाणे चालू होते, ते थांबले. आई शेजारी होती, ती नाही. तुम्ही रात्री आपल्या घरात निजावे आणि पहाटे अंगणात जाग यावी, असा तो प्रकार असतो. मग ते रडते. यात हट्ट नाही, भांबावणे आहे.

यातून व्यवहाराचा पहिला नियम निघतो. जागा बदलायच्या आधी झोका सोडवावा. पाळण्यातच मुलाला आठ-पंधरा दिवस हळूहळू कमी झोके देत, शेवटी स्थिर पाळण्यात डोळा लागू देण्याची सवय लावली, तर अंथरुणावर आल्यावर त्याचे फारसे काही हरवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच रात्री हिसकावल्या तर घराची झोप गेलीच म्हणून समजा.

झुलत्या पाळण्याचा निरोप घेण्याची वेळ पुष्कळांना वाटते त्यापेक्षा फार लवकर येते. मूल कुशीवर वळू लागले, हातागुडघ्यांवर अंग उचलू लागले, म्हणजे सुमारे पाच-सहा महिन्यांचे झाले, की पाळण्याचे काम संपले. कारण त्यानंतर त्याचे वजन एका बाजूला गेले की पाळणा कलंडतो, आणि कडेला धरून उभे राहण्याचा प्रयोग ते कधी करील याचा नेम नसतो. झोळीबद्दल माझे मत अधिक कडक आहे. झोळीत मूल धनुष्यासारखे वाकते. ज्याची मान अजून सावरलेली नाही त्याची हनुवटी छातीला टेकून श्वास अडण्याचा धोका असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली आपल्या सूचना नव्याने मांडल्या, त्यांत वर्षाच्या आतील मुलाने सपाट व घट्ट बिछान्यावर, उताणे, उशीशिवाय, आईच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर निजावे असे म्हटले आहे. शेतावर राबणारी आई बाभळीला झोळी बांधते, तिच्या अडचणीला मी नावे ठेवणार नाही. मात्र ज्यांना पर्याय आहे त्यांनी रात्रभर मूल झोळीत ठेवू नये, आणि दिवसाही नजरेआड ठेवू नये.

वर्षाच्या आतल्या मुलाला आईबापांच्या मध्ये, मऊ गादीवर, जाड पांघरुणाखाली घेऊन निजण्याची आपली चाल आहे. तिच्यात माया आहे यात शंका नाही. पण कापसाच्या मऊ गादीत तोंड रुतणे, पांघरूण नाकावर येणे, गाढ झोपेत मोठ्या माणसाचा हात अंगावर पडणे, हे धोके मायेने टळत नाहीत. घरात कोणी धूम्रपान करणारे अथवा दारू घेणारे असेल तर ते वाढतात. आईच्या हाताशी, पण वेगळ्या घट्ट सतरंजीवर, हा मध्यम मार्ग अगदी एका खोलीच्या बिऱ्हाडातही साधतो.

आता कठड्याची खाट. हिच्यात मूल दोन, अडीच, तीन वर्षांपर्यंत सुखाने निजू शकते, आणि माझे सांगणे असे की त्याला निजू द्यावे. घाई करण्याचे कारण एकच, ते म्हणजे मूल कठडा चढू लागणे. मोजमापाचा ठोकताळा सोपा आहे. मुलाला खाटेत उभे करावे. कठड्याची वरची कड त्याच्या छातीच्या बोंड्यांपाशी किंवा त्याखाली आली, अथवा त्याची उंची सुमारे ९० सेंटिमीटर, म्हणजे पस्तीस इंच झाली, की ती खाट त्याला लहान झाली. तोपर्यंत आतली गादी सर्वांत खालच्या पायरीवर उतरवून ठेवावी, आणि मोठी खेळणी, उशा, लोड खाटेतून काढून घ्यावेत. मूल त्यांची पायरी करते. कापडी हत्ती हा शोभेचा प्राणी असला तरी चढण्याच्या कामी तो खऱ्या हत्तीइतकाच उपयोगी पडतो!

मूल कठड्यावरून पडले तर ते छातीभर उंचीवरून, बहुधा डोके खाली करून पडते. अंथरुणावरून पडले तर वीतभर उंचीवरून, कुशीवर पडते. म्हणून चढणारे मूल कठड्यात ठेवू नये. तेथे त्याचे वय काय आहे, त्याला समजते किती, हे प्रश्न बाजूला राहतात. न चढणारे मूल मात्र केवळ 'आता मोठा झालास' म्हणून बाहेर काढण्यात लाभ नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांतील दीड ते तीन वर्षांच्या १९८३ मुलांची माहिती घेतली होती. कठड्याच्या खाटेत निजणारी मुले पलंगावर निजणाऱ्यांपेक्षा लवकर निजत, रात्री कमी वेळा उठत आणि एकंदर अधिक झोपत, असे तीत आढळले. ही पाहणी पालकांच्या सांगण्यावर आधारलेली होती, हे विसरून चालणार नाही. शिवाय जी मुले मुळातच नीट झोपत नाहीत त्यांनाच आईबाप कंटाळून लवकर पलंगावर आणत असतील, अशीही शंका घेता येते. तरीही 'पलंग दिला की मूल शहाण्यासारखे झोपू लागेल' या आशेला त्या आकड्यांत काही आधार सापडत नाही. दुकानदार मात्र मोटारीच्या आकाराचा पलंग दाखवून ती आशा रोज विकत असतात.

येथे कोणी म्हणेल, हे सारे साहेबाच्या देशातले. आमच्याकडे मुलाला वेगळी खोली कोठे असते? खरे आहे. २०१० साली सतरा देश-प्रदेशांतील तीन वर्षांपर्यंतच्या २९,२८७ मुलांच्या झोपेची तुलना प्रसिद्ध झाली, तीत भारतही होता. आशियातील मुले बहुसंख्येने आईबापांच्या खोलीत किंवा अंथरुणात निजतात, उशिरा निजतात आणि एकूण कमी झोपतात, असे तीत दिसले. न्यूझीलंडमधील मूल सरासरी साडेसातला झोपी जाई, तर हाँगकाँगमधील सव्वादहाला. आपल्या शहरांतील मुले या दुसऱ्या टोकाकडे झुकतात हे सांगायला पाहणीची गरज नाही. रात्री दहाला कोणत्याही चाळीच्या गॅलरीत उभे राहिले की ऐकू येते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. तेव्हा अंथरूण कसले, यापेक्षा ते किती वाजता घातले जाते याचा विचार आपल्याला अधिक करायला हवा. पाहुणे, दूरदर्शन संच आणि हातातला फोन यांच्या प्रकाशात व गलक्यात मूल निजत नाही म्हणून त्याच्यावर चिडणे न्यायाचे नाही.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र आपण पाश्चात्यांच्या पुढे होतो. मारिया मॉन्टेसरी १९३९ साली मद्रासला, अड्यारला आल्या, त्यापूर्वीच त्यांनी लिहून ठेवले होते की, मुलाला कठड्याच्या पिंजऱ्यात न ठेवता जमिनीलगत बिछाना द्यावा, म्हणजे झोप आली की ते आपण होऊन निजेल व जाग आली की आपण होऊन उठेल. युरोपात हा विचार क्रांतिकारक होता. आपल्या माजघरात मात्र रात्री सतरंजी, तीवर गादी, सकाळी वळकटी, हा क्रम शतकानुशतके चालू होता, आणि त्यात पलंगावरून पडण्याचा प्रश्नच नव्हता. पलंग ही आपल्या मध्यमवर्गाच्या घरात सर्वत्र आलेली वस्तू तशी अलीकडची. लहान मुलासाठी जमिनीवरचे अंथरूण हे गरिबीचे लक्षण मानून कोणी लाजत असेल, तर त्याने लाज सोडावी. कठड्यातून काढलेल्या मुलाला पहिली सहा महिने-वर्ष जमिनीवरची घट्ट गादी हीच मी सुचवीन. पलंगच द्यायचा तर बुटका द्यावा व त्याला बाजूचा कठडा लावावा; आणि गादी व कठडा यांत, तसेच पलंग व भिंत यांत मुलाचे अंग शिरेल अशी फट ठेवू नये. भिंतीला लावलेला पलंग हळूहळू सरकतो आणि मूल त्या फटीत अडकते; हे पडण्याहूनही वाईट. दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालील मूल निजवूच नये.

पण अंथरूण जमिनीवर घातले तरी दुसरे काम, 'जाऊ न देण्याचे', उरतेच. यापूर्वी मुलाला रात्री जाग आली तर त्याचे जग चार हातांचे होते. आता सारे घर त्याला मोकळे आहे, आणि घरातील माणसे झोपलेली आहेत. म्हणून अंथरूण बदलण्याच्या आदल्या दिवशी घरातील कर्त्या माणसाने गुडघ्यांवर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर एकदा पाहून घ्यावे. त्याला काय काय दिसते? मोरीत भरून ठेवलेली बादली. दोन वर्षांच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते; ते बादलीत डोकावले व तोल गेला तर वर येता येत नाही, आणि त्याला बुडायला थोडेसे पाणी पुरते. ज्या गावांत पाणी दिवसाआड येते तेथे बादल्या व पिंपे भरून ठेवावीच लागतात. मग त्यांवर जड झाकण हवे व मोरीच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी हवी. जिन्याचे तोंड. गॅलरीचे दार, आणि गॅलरीत कठड्याला टेकवून ठेवलेली खुर्ची. खिडकीखाली घातलेला पलंग, जो स्वतःच पायरीचे काम करतो. डास पळवण्याच्या औषधाची बाटली, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, भिंतीला न ठोकलेले कपाट, लोंबणारी पडद्याची दोरी. मच्छरदाणी चांगलीच, पण तिच्या दोऱ्या मुलाच्या हाती लागता कामा नयेत. ही सारी यादी भीती घालण्यासाठी नाही. कठडा काढणे म्हणजे कठडा खाटेवरून उचलून घराभोवती बसवणे आहे, एवढाच तिचा अर्थ.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. आपल्याकडे मुलाला खाटेतून किंवा आईच्या कुशीतून हलवण्याचे सर्वांत वारंवार घडणारे कारण म्हणजे दुसरे मूल. बाळंतपण तोंडावर येते, आणि घरात ठरते की थोरल्याला आता दुसरीकडे निजवावे. आई इस्पितळातून बाळ घेऊन घरी येते, त्याच रात्री थोरल्याचे अंथरूण आजीकडे जाते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या बाजूने हे पाहा. त्याला कळते ते एवढेच की हे कोणी तरी आले, आणि माझी जागा गेली. मग ते रात्री उठते, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू करते, बाळाला चिमटे काढते, आणि आपण म्हणतो, द्वाड झाला!

वस्तुतः ही घाई बहुतेक वेळा अनाठायी असते. नवजात बालकाला पहिले चार-पाच महिने कठड्याची मोठी खाट लागतच नाही. त्याचे पाळण्यात भागते. थोरल्याची खाट थोरल्याकडेच राहू द्यावी. बदल करायचाच असेल तर तो बाळंतपणाच्या निदान दोन महिने आधी करावा, म्हणजे नवी जागा त्याच्या अंगवळणी पडलेली असते. किंवा सरळ बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत थांबावे. खाट मोकळी झाली तरी ती काही दिवस खोलीतून हलवून ठेवावी. दुसऱ्याच दिवशी तीत बाळ दिसू नये. आजीकडे निजणे मला मुळीच गैर वाटत नाही. उलट, आजीच्या गोष्टी ही आपल्या घरांतील मोठी सोय आहे. पण आजीकडे 'धाडलेला' नातू आणि आजीकडे 'जाणारा' नातू यांच्या झोपेत फार अंतर असते. हाच न्याय इतर बदलांना लावावा. अंगावरचे दूध तोडणे, शीशूची सवय लावणे, बालवाडीत घालणे, बिऱ्हाड बदलणे, यांपैकी एक चालू असताना दुसरे हाती घेऊ नये.

प्रत्यक्ष बदल कसा करावा याचे शास्त्र फार मोठे नाही. नवे अंथरूण शक्यतो जुन्या खाटेच्याच जागी घालावे, म्हणजे जाग आल्यावर तोच दिवा, तोच कोनाडा, तीच खिडकी दिसते. दिवसाउजेडी मुलाला तेथे लोळू द्यावे, खेळू द्यावे. चादर पसरायला त्यालाच हाताशी घ्यावे. निजण्याआधीचा क्रम रोज तोच असावा: जेवण, तोंड धुणे, गोष्ट, दिवा मंद. क्रमाला मूल घड्याळासारखे ओळखते. आणि जुनी गोधडी बदलू नये. डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ साली एका निबंधात असे मांडले की, मुलाचे लाडके फडके किंवा बाहुले हे आई आणि बाहेरचे जग यांच्या मधला पूल असतो; ते धुण्याने त्याचा वास बदलला तरी मुलाला ते कळते. आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी मूल नाकाशी धरून झोपते, ते याच जातीचे. ती विटली, फाटली, पाहुण्यांसमोर शोभत नाही, हे सर्व मान्य करूनही ती या दिवसांत टाकू नये. वर्ष उलटलेल्या मुलाजवळ ती राहू द्यायला हरकत नाही.

मूल उठून येणार, हे धरूनच चालावे. पहिल्या रात्री ते चार वेळा येईल, दुसऱ्या रात्री कदाचित सात वेळा. अशा वेळी एकच करावे: हात धरून परत न्यावे, "आता निजायचं, मी इथेच आहे" असे एकच वाक्य त्याच आवाजात म्हणावे, पांघरूण घालावे आणि यावे. रागावू नये, समजूतही घालू नये. दिवा लावून दिलेले भाषण, मग ते प्रेमाचे असो वा धाकाचे, मुलाच्या दृष्टीने करमणूकच असते, आणि करमणुकीसाठी ते पुन्हा येते. बागुलबुवाची भीती तर घालूच नये. अंधाराची व एकटेपणाची भीती या वयात आपोआप उगवत असते, तिला खतपाणी कशाला? या कामात खरी कसोटी मुलाची नसून घरातील मोठ्यांच्या एकमताची असते. आई परत नेते, बाबा अंथरुणात घेतात आणि आजोबा खडीसाखर देतात, असे झाले तर मूल रोज रात्री तिन्ही दरवाजे ठोठावून पाहील. त्याच्या जागी आपणही तेच केले असते. एकमत असेल तर बहुतेक घरांत एक-दोन आठवड्यांत घडी बसते. दोन-तीन आठवड्यांनीही ती बसत नसेल आणि मूल चढणारे नसेल, तर पुन्हा कठड्याच्या खाटेत नेण्यात कमीपणा नाही. दोन महिन्यांनी पुन्हा करून पाहावे.

ज्या मुलाची वाढ काही कारणाने मागे आहे, ज्याला फिट्स येतात, किंवा जे झोपेत मोठ्याने घोरते व मध्येच श्वास अडल्यासारखे करते, त्याच्याबाबत वरचे महिने-वर्षांचे ठोकताळे बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि मूल पडलेच तर? जमिनीलगतच्या अंथरुणावरून घरंगळले तर बहुधा ते रडून, कुशीत येऊन पुन्हा झोपते. उंचावरून, डोक्यावर पडले असेल तर त्याच्याकडे नीट लक्ष ठेवावे. बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलट्या, उठवूनही नीट न उठणे, आचके येणे, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, एक हात अगर पाय न हलवणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. हळद-चुना लावून निजवून ठेवू नये.

राहता राहिला तो माळ्यावर गेलेला पाळणा आणि मोकळी झालेली खाट. आपल्याकडे त्या वस्तू घरोघर फिरतात. चुलत घरच्या चार मुलांनी वापरलेला सावंतवाडीचा लाकडी पाळणा पाचव्याकडे जातो, आणि त्यात एक आपलेपणा असतो. देताना मात्र कड्या, साखळ्या, खिळे तपासून द्यावेत. लाकूड फाटले असेल, जुना रंग पापुद्र्यांनी सुटत असेल, तर देऊ नये. जुन्या रंगांत शिसे असते आणि मूल कठडा चावते. खाटेच्या दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरांहून अधिक नसावे, नाही तर त्यातून बाळाचे अंग निसटते व डोके अडकते. ज्या खाटांची एक बाजू वरखाली सरकते, त्या अमेरिकेत २०११ पासून विकायला व बनवायला बंदी आहे, कारण ती बाजू सुटून मुले तीत अडकून दगावली. अशी खाट कोणी मायेने देऊ केली, तरी घेऊ नये.